रिपोर्टमध्ये ४६, एक्सवाय आणि समोर मुलगी: वर्गात कसं सांगायचं?

खानापूरकर_विज्ञान: दहावीच्या पोरांना एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा एवढंच पाठ असतं. मग सोळाव्या वर्षीही पाळी न आलेल्या मुलीचा गुणसूत्रांचा रिपोर्ट ‘४६, एक्सवाय’ (४६ गुणसूत्रं, त्यात एक एक्स, एक वाय) कसा येतो? यल्लम्माच्या डोंगरावरच्या जोगप्पांचं (देवीला वाहिलेल्या, बाईच्या वेशात राहणाऱ्यांचं) कुणीतरी विचारतंच. तेही यातच मोडतं का?

निपाणी_स्त्रीरोग: सर, सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत गर्भातली जननग्रंथी दोन्हीकडे वळू शकते. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक (१९९० मध्ये सापडलं) जागं झालं की तिचं वृषण बनतं. वृषणातून निघणारं एएमएच हे संप्रेरक, गर्भाशय जिच्यातून घडतं ती नळीच जिरवून टाकतं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पुरुषी नळ्या टिकवतं, पण बाहेरचं लिंग घडायला त्याचं डीएचटी हे अधिक प्रभावी रूप व्हावं लागतं. यात कुठंही खोळंबा होऊ शकतो.

अशा मुलीत बऱ्याचदा अँड्रोजन रिसेप्टर (पेशीतला पुरुषी संप्रेरक ओळखणारा भाग) चालत नाही. टेस्टोस्टेरॉन पुरुषांइतकं असतं, पेशींना ते कळतच नाही. एएमएचनं आपलं काम केलेलं, म्हणून गर्भाशय नाही. टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, म्हणून स्तन वाढतात. काखेत केस मात्र अगदी विरळ. आणि या रिसेप्टरचं जनुक असतं एक्सवर! फळ्यावर हे जरूर लिहा.

लॅब_टिळकवाडी: नुसत्या कॅरिओटाइपवर (गुणसूत्रांच्या तपासणीवर) निदान करू नये. २-३ मिली रक्त हिरव्या टोपणाच्या हेपारिन नळीत द्यायचं. जांभळ्या टोपणाच्या नळीत पेशी नीट वाढत नाहीत, गोठवलं तर मरतातच. पेशी सुमारे ७२ तास वाढवून साधारण २० पेशींतली गुणसूत्रं मोजतात. मोझेइकची (काही पेशींत वेगळी गुणसूत्रं असण्याची) शंका असेल तर जास्त पेशी मोजायला चिठ्ठीवर लिहून द्या. सोबत सोनोग्राफी हवीच. एक्सवाय असून गर्भाशय दिसलं तर स्वायर सिंड्रोमचा विचार करतात. त्यात ग्रंथी नीट घडलेली नसते, गाठ होण्याचा धोका मोठा, म्हणून ती काढतात. रिसेप्टरच्या दोषात ग्रंथी काढायची घाई नको, वयात येईपर्यंत सहसा थांबतात.

पंधरापर्यंत पाळी नाही, किंवा तेरापर्यंत स्तनवाढच नाही, तर घरच्यांशी एकांतात बोला.

चिकोडी_समुपदेशन: जोगप्पांचा प्रश्न वेगळा ठेवा, सर. वरचं सगळं शरीराच्या घडणीचं. बहुतेक ट्रान्स व्यक्तींचा कॅरिओटाइप नेहमीसारखाच येतो, आणि ‘मी कोण’ हे दाखवणारी रक्ततपासणीच नाही. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं ते ट्रान्सजेंडर म्हणून. त्याचा एक्सवायशी संबंध नाही. पोरांनी जोगप्पांच्या ‘तपासणी’चं काढलं तर तिथंच थांबवा.