मेनफ्रेम डीबीएंचे प्रगत प्रशिक्षण: वर्गातले पाच दिवस पुरतात का?

लॉगवाचक (धागाकर्ता)

मेनफ्रेम म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांचा मध्यवर्ती संगणक. त्याच्या झेड/ओएस या कार्यप्रणालीवरील डीबी२ हा आयबीएमचा डेटाबेस सांभाळण्याच्या कामात मला १९ वर्षे झाली. 'प्रगत डीबीए' (डेटाबेस प्रशासक) या नावाने जे पाच दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते, त्यात डेटा शेअरिंग, बफर पूल, लॉकिंग आणि युटिलिटी हे सारे विषय येतात. पण बिघडलेली टेबलस्पेस (टेबलांचा डेटा साठतो ती जागा) स्वतःच्या हाताने पूर्ववत करण्याची वेळ त्या पाच दिवसांत प्रशिक्षणार्थीवर एकदाही येत नाही. प्रगत प्रशिक्षणाचा निम्म्याहून अधिक वेळ रिकव्हरीच्या सरावाला दिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत ज्या प्रसंगातून बनले तो सांगतो. आमच्याकडे रात्रीच्या बॅचमध्ये एका टेबलवर 'लोड रिप्लेस' (जुना डेटा काढून फाइलमधला नवा भरणे) चालत असे आणि वेळ वाचावा म्हणून ते 'लॉग नो', म्हणजे बदलांची नोंद लॉगमध्ये न करणारे, ठेवलेले होते. अशा लोडनंतर टेबलस्पेस 'कॉपी पेंडिंग' अवस्थेत जाते. वाचता येते, पण बदल करता येत नाही. एरवी पुढच्याच पायरीत इमेज कॉपी (टेबलस्पेसची बॅकअप प्रत) होत असे. त्या रात्री ती पायरी फसली आणि पुढचा अपडेट जॉब उणे ९०४ (हवी ती गोष्ट उपलब्ध नसल्याची त्रुटी) देऊन पडला. पाळीवर असलेल्या सहकाऱ्याने दोनच महिन्यांपूर्वी प्रगत अभ्यासक्रम पूर्ण केला होता. इमेज कॉपीला ४० मिनिटे लागली असती आणि तिकडे बॅच खोळंबली होती, म्हणून त्याने 'रिपेअर' युटिलिटीने कॉपी पेंडिंगची खूण काढून टाकली. जॉब पुढे सरकला आणि सकाळी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

तीन दिवसांनी एका प्रोग्रामने त्याच टेबलमध्ये चुकीच्या रकमा भरल्या. त्याआधीच्या क्षणापर्यंत मागे जाण्यासाठी रिकव्हर चालवले, तेव्हा डीएसएनयू५५६आय हा संदेश आला: कॅटलॉगमधील (डीबी२च्या स्वतःच्या नोंदवहीतील) सिसकॉपी टेबलमध्ये लॉग न केलेल्या लोडची नोंद आहे आणि तिच्यानंतर एकही इमेज कॉपी नाही, सबब रिकव्हरी पुढे जाऊ शकत नाही. लोडची मूळ फाइल टेपवर शाबूत होती, म्हणून निभावले. ती पुन्हा भरून तीन दिवसांचे सगळे अपडेट क्रमाने चालवण्यात ११ तास गेले. नंतर मी त्या सहकाऱ्याची प्रशिक्षणातली वही पाहिली. कॉपी पेंडिंगची व्याख्या तिच्यात अचूक लिहिलेली होती. त्याला माहिती होती. ती खूण नक्की कशाचे रक्षण करते, हे त्याने कधी भोगले नव्हते.

मुळाकाठ

आपला अनुभव मोलाचा आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. रिकव्हरीची वेळ वर्षातून एखाद्या वेळी येते. क्वेरी मंदावण्याची तक्रार रोज येते आणि तिचे पैसेही मोजावे लागतात. मेनफ्रेमवरील सॉफ्टवेअरचे भाडे अनेक ठिकाणी दर चार तासांच्या फिरत्या सरासरी वापरावर ठरते. म्हणजे नेमक्या गर्दीच्या वेळी चालणारी एक बेताल क्वेरी संपूर्ण महिन्याचे बिल वाढवू शकते. डीबीएला यातले काही येत नसेल, तर रिकव्हरीत तो कितीही तरबेज असला तरी संस्थेचे नुकसान चालूच राहते.

शिवाय हे उत्पादन एका जागी थांबलेले नाही. २०१६ साली आलेल्या डीबी२ १२ पासून नव्या सुविधा मोठ्या आवृत्तीची वाट न पाहता फंक्शन लेव्हलच्या (लहान टप्प्यांच्या) रूपाने येत राहतात आणि २०२२ मध्ये तर डीबी२ १३ आले. कित्येक अनुभवी मंडळी आजही पंधरा वर्षांपूर्वीच्या सवयींनी काम करतात. ही कसर वर्गातच भरून निघते, कारण रोजच्या कामात न वापरलेली सुविधा माणसाला सहसा दिसतच नाही.

माझ्याकडचे उदाहरण सांगते. मेंटेनन्स लावल्यानंतर पॅकेजेस (प्रोग्राममधल्या क्वेरींचे तयार रूप) रीबाइंड केली, म्हणजे नव्याने तयार केली, आणि २० मिनिटांचा जॉब तीन तास चालला. डेटापर्यंत जाण्याची वाट (ॲक्सेस पाथ) ठरवणाऱ्या ऑप्टिमायझरने वेगळी इंडेक्स निवडली होती. आमचे सगळे ज्येष्ठ एक्सप्लेनच्या (निवडलेल्या वाटेच्या तपशिलाच्या) ओळी तपासत बसले असताना नुकत्याच प्रशिक्षणाहून परतलेल्या मुलीने विचारले, "जुना ॲक्सेस पाथ जपून ठेवलेला असेल ना? स्विच प्रीव्हियस देऊन पाहू का?" एका रीबाइंडमध्ये जुना पाथ परत आला आणि जॉब पूर्ववत झाला. ही सोय तेव्हाही कित्येक वर्षे जुनी होती, तरी आमच्यापैकी एकालाही ती आठवली नाही. तिला आठवली, कारण तिने ती चारच आठवड्यांपूर्वी वर्गात ऐकली होती.

उत्तररात्र

दोघांचेही म्हणणे पटते, पण सराव करायचा कुठे? ओरॅकल शिकणारा मुलगा घरच्या लॅपटॉपवर डेटाबेस उभारतो, मोडतो आणि पुन्हा उभारतो. आपल्याला ती सोय नाही. लिनक्स-विंडोजवरचे डीबी२ नावाने तेच असले तरी आतून निराळे उत्पादन आहे. तिथे ना बीएसडीएस (लॉग फाइलींची यादी ठेवणारी फाइल), ना कपलिंग फॅसिलिटी (अनेक डीबी२ना डेटा वाटून घेऊ देणारी यंत्रणा). हर्क्युलिस या मेनफ्रेमची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरवर हौसेने चालवता येते ती १९८१ च्या सुमाराची एमव्हीएस ३.८ ही झेड/ओएसची पूर्वज, आणि डीबी२ ची घोषणाच मुळी १९८३ ची. आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा विनामूल्य कार्यक्रम नवख्यांसाठी उत्तम आहे, पण तिथे कोणी आपल्याला सिसॲडमचे (संपूर्ण डीबी२चे) अधिकार देऊन टेबलस्पेस मोडू देत नाही.

पुण्यात बसून परदेशी बँकेचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांची अडचण याहून मोठी आहे. मशीन ग्राहकाचे, अधिकार ग्राहकाचे आणि वर्षातून होणारी डिझॅस्टर रिकव्हरीची तालीमही ग्राहकाचीच माणसे करतात. आम्ही फोनवर ऐकत असतो. सहा वर्षांत मी एकदाही प्रत्यक्ष रिकव्हर चालवलेले नाही, आणि तरीही रात्री दोन वाजता पहिला फोन मलाच येतो. वर्ग हवा की सराव, हा प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

ठाणेकर

लॉगवाचक साहेब, आपल्याच प्रसंगाकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. त्या लोडबरोबरच इनलाइन कॉपी घेतली असती, तर टेबलस्पेस कॉपी पेंडिंगमध्ये गेलीच नसती. तो दोष जेसीएल (जॉब चालवण्याच्या सूचना) लिहिणाऱ्याचा आणि ते मंजूर करणाऱ्याचा. दुसरे म्हणजे, दोन महिन्यांपूर्वी प्रशिक्षण संपवलेल्या माणसाच्या हाती रिपेअरचे अधिकार एकट्याने वापरण्यासाठी का दिले होते? तिसरे, त्या रात्री फोन करायला त्याला कोणी ज्येष्ठ उपलब्ध होते का? जी त्रुटी व्यवस्थेची आहे, तिला आपण प्रशिक्षणाची त्रुटी म्हणत आहात.

जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या आरबीएस समूहात बॅच शेड्युलरचे अद्ययावतीकरण फसले आणि ते मागे घेताना बॅचची घडीच विस्कटली. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ बसली. २०१४ मध्ये तिथल्या दोन नियामकांनी मिळून ५.६ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. नियामकांनी बोट ठेवले ते जोखीम ओळखण्याच्या आणि बदल तपासण्याच्या यंत्रणेवर. त्यांचा रोख एखाद्या तंत्रज्ञाच्या अज्ञानावर नव्हता. माणसाला तीस प्रकारच्या रिकव्हरी शिकवल्या आणि रात्री दोनला एकटे सोडले, तर तो घाईत पुन्हा जवळचीच वाट धरील.

लॉगवाचक (धागाकर्ता)

ठाणेकर ताई, इनलाइन कॉपीचा मुद्दा बिनतोड आहे. त्या प्रसंगानंतर आम्ही लोडचे जेसीएल तसेच बदलले आणि रिपेअरचे अधिकार दोनच व्यक्तींकडे ठेवले. तरीही मी पूर्ण माघार घेत नाही. व्यवस्था कितीही चोख असली तरी कधीतरी कोणीतरी टेबल ड्रॉप करतेच. ड्रॉपबरोबर कॅटलॉगमधल्या नोंदी जातात आणि नेहमीचे रिकव्हर निरुपयोगी ठरते. मग जुन्या इमेज कॉपीतून डीएसएन१कॉपी या साधनाने पाने नव्या टेबलस्पेसमध्ये उतरवताना जुने आणि नवे डीबीआयडी, पीएसआयडी आणि ओबीआयडी (डेटाबेस, टेबलस्पेस आणि टेबल यांचे अंतर्गत क्रमांक) यांची जोडी लावून द्यावी लागते. जुने क्रमांक आधीच कुठे छापून ठेवलेले नसतील, तर ते कॉपीच्या पानांतूनच हुडकावे लागतात. हे काम ज्याने एकदा दिवसाढवळ्या, शांतपणे केले आहे, त्याचा हात रात्री थरथरत नाही. हे मी स्वतः अनुभवले आहे.

मुळाकाठ ताई, स्विच प्रीव्हियसचा दाखला मी मान्य करतो. वर्ग नकोत, असे माझे म्हणणे नव्हतेच.

उत्तररात्र, सरावासाठी वेगळा एलपार (मेनफ्रेमचा स्वतंत्र विभाग) लागत नाही. टेस्ट सबसिस्टिममध्ये (चाचणीच्या डीबी२मध्ये) एक स्वतंत्र डेटाबेस, दहा टेबले आणि तेवढ्या डेटाबेसपुरते डीबीॲडमचे (प्रशासनाचे) अधिकार ग्राहकाकडे मागा. त्यातला एकही अधिकार प्रत्यक्ष कामकाजाच्या (प्रॉडक्शन) व्यवस्थेला स्पर्श करत नाही, हे पत्रात पहिल्याच ओळीत लिहा.

मुळाकाठ

एक दुरुस्ती सुचवते. त्याच दहा टेबलांवर रीबाइंड बिघडवण्याचा आणि सावरण्याचा सरावही ठेवावा. निम्मा वेळ रिकव्हरीला, हे प्रमाण मला अजूनही जास्तच वाटते.

उत्तररात्र

काल ग्राहकाच्या टीमला पत्र पाठवले. दहाऐवजी सहा टेबलांना होकार आला आहे. डीएसएन१कॉपी मात्र त्यांचाच माणूस चालवील आणि आम्ही फक्त त्याचे जेसीएल लिहून द्यायचे आहे. शनिवारी पहिला सराव आहे. लॉगवाचक साहेब, सुरुवात कशाने करावी?

लॉगवाचक (धागाकर्ता)

लॉग नो लोडनेच करा, इनलाइन कॉपीशिवाय. खूण रिपेअरने काढा, थोडे अपडेट करा आणि मग लोडनंतरच्या एखाद्या लॉग पॉइंटपर्यंत (लॉगमधल्या क्षणापर्यंत) रिकव्हर मागा. डीएसएनयू५५६आय हा संदेश प्रत्येकाने आपापल्या जॉबच्या आउटपुटमध्ये वाचला पाहिजे. लोडच्या फाइलची एक प्रत मात्र आधी बाजूला काढून ठेवा.