ऑफशोअर फिशिंग बोट विकायची आहे: सामानासकट की सुटी?

मनास्क्वानकर:
मंडळी, सल्ला हवाय. न्यू जर्सीत मनास्क्वानला माझी ३० फुटी सेंटर कन्सोल (मधोमध सुकाणू असलेली उघडी बोट) आहे, मागे यामाहा एफ३०० इंजिनांची जोडी. मुलगा टेक्सासला गेला. हडसन कॅन्यनला, म्हणजे खोल समुद्रातल्या दरीवर, रात्रभर टूना माशामागे राहायचं तर सोबतीला भरवशाचं माणूस लागतंच, म्हणून जड मनाने विकायला काढतोय. सोबत रडार, गार्मिनचा चार्टप्लॉटर (नकाशाची स्क्रीन), आउटरिगर (गळाच्या दोऱ्या बाजूला लांब धरणारे दांडे), लाइव्हवेल (जिवंत आमिषाची टाकी), ईपर्ब (संकटात उपग्रहाला इशारा देणारं यंत्र), शिवाय पेन कंपनीचे मासेमारीचे मोठे रीळ. ब्रोकर म्हणतो सगळ्यासकट एकच भाव लावा. त्याचं कमिशन १० टक्के. रीळ वेगळे विकू का? आणि ब्रोकर हवाच का?

खारावारा:
दादा, रीळ-रॉड काढून घ्या. घेणाऱ्याकडे स्वतःचे असतात, तो त्यांचे वेगळे पैसे मोजत नाही. सुटे मात्र पटकन जातात. स्क्रीन आणि रडार तसेच राहू द्या. काढले की कन्सोलला भोकं दिसतात, आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक्सला तसाही भाव नाही.

खरा भाव इंजिनांचा. डीलरकडून यामाहाचा डायग्नोस्टिक रिपोर्ट काढा. कोणत्या आरपीएमला इंजिन किती तास चाललं, तेही त्यात येतं. कॅन्यनला जाणाऱ्या बोटीचे तास जास्त दिसतात, पण त्यातले बरेच ट्रोलिंगचे, म्हणजे गळ ओढत संथ चालीचे. हे कागदावर दाखवलंत की घासाघीस कमी होते. दर १०० तासांच्या सर्व्हिसची बिलं, वॉटर पंपाचा इम्पेलर (आतलं पाणी ढकलणारं चाक) कधी बदलला, सगळं एका फायलीत लावा.

हाताशी वेळ असेल तर स्वतःच विका. सर्व्हेचा, म्हणजे तज्ज्ञाकडून बोट तपासण्याचा खर्च घेणाऱ्याचा. डिपॉझिट आल्याशिवाय सी ट्रायलला (समुद्रातल्या चाचणी फेरीला) नेऊ नका, नुसते फिरायला येणारेही भेटतात.

केपमेची_ताई:
ईपर्बकडे दुर्लक्ष नको, कळकळीने सांगते. त्याची नोंद नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेकडे तुमच्या नावावर आहे. ती बदलली नाही आणि उद्या तो समुद्रात सुरू झाला, तर कोस्ट गार्ड फोन तुम्हाला करणार, आणि बोटीवर कोण आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही. व्यवहाराच्या दिवशीच नोआला कळवा आणि नव्या मालकाला त्याच्या नावाने नोंद करायला लावा. पैसे पडत नाहीत. व्हीएचएफ रेडिओमधल्या एमएमएसआय या ओळख क्रमांकाची नोंदही अशीच बदलायला हवी.

टूनाचं फेडरल परमिट बोटीबरोबर जात नाही, नव्या मालकाने नवं काढायचं. जाहिरातीत 'परमिटसह' लिहू नका. फ्लेअर्सची (संकटात पेटवायच्या इशारा-मशालींची) मुदतही बघा, बनल्यापासून ४२ महिने.

मनास्क्वानकर:
ताई, ईपर्बचे कागद आजच काढून ठेवतो. एकाचा मेल आलाय: बोट न बघताच कॅशियर्स चेक पाठवतो, जास्तीची रक्कम त्याच्या वाहतूकवाल्याला पुढे द्या म्हणतो.

खारावारा:
अजिबात नको! ही ठरलेली फसवणूक आहे. चेक खात्यात जमा दिसतो, काही दिवसांनी खोटा निघतो, आणि बँक ते पैसे तुमच्याकडूनच वसूल करते. व्यवहार घेणाऱ्याच्या बँकेत समोरासमोर करा, टायटलवर (मालकीच्या कागदावर) सही तिथेच. जाहिरात फेब्रुवारी-मार्चला टाका. फोटो मात्र आत्ताच, हिवाळ्याचं प्लास्टिक आवरण (श्रिंकरॅप) चढायच्या आधी, बिल्ज (बोटीचा तळ) आणि ट्रान्सम (इंजिनं लावलेली मागची भिंत) यांचेसुद्धा.