अमेरिकेनं अफगाणिस्तानात थोडं सैन्य ठेवायला हवं होतं का?

वागळे_इस्टेट_डबा_मंडळ:
ऑफिसात डबा खाताना काल काबूलवरून जुंपली. दोघातिघांचं म्हणणं, अमेरिकेनं २०२१ ला गाशा गुंडाळायला नको होता. शेवटी उरले होते २,५०० सैनिक, तेवढे त्या देशाला काय जड? मला पटेना, पण उत्तरही सुचेना. कोणी नीट सांगेल का?

कोपरखैरणेकर:
मी २०११-१२ ला दुबईच्या एका कंत्राटदारातर्फे काबूलजवळच्या बगरामच्या अमेरिकी तळावर होतो, मेसच्या स्टोअरला. तेव्हा राजकारण सोडून हिशेबाचंच बोलतो.

२,५०० हा आकडा फसवा आहे. जानेवारी २०२१ मध्ये सैनिक तेवढे, पण त्यांच्यामागे कंत्राटी माणसं १८,००० च्या वर. स्वयंपाकी, मेकॅनिक, धोबी, पहारेकरी. हा सगळा पसारा बाहेरून पोसायचा. बगराम शोमालीच्या मैदानाला लागून आहे, द्राक्षांचा मुलूख. कुंपणापलीकडे मळे, आणि आमच्याकडे द्राक्षं यायची रीफर (शीत) कंटेनरनं, तापमानाच्या चार्टसकट. का, तर मंजूर यादीतल्या पुरवठादाराचाच माल घ्यायचा. शुक्रवारी लॉबस्टर, तेही समुद्र नसलेल्या देशात! (आपली शेवंड केव्हाही सरस.)

बराचसा माल कराचीला उतरून तोरखमच्या सीमानाक्यावरून ट्रकनं वर यायचा. ट्रक सुखरूप पोचावेत म्हणून वाटेत काय द्यावं लागतं, हे ड्रायव्हर उघड बोलायचे. अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीनं २०१० च्या अहवालात तेच लिहिलं होतं: २.१६ अब्ज डॉलरच्या वाहतूक कंत्राटातून टोळीवाल्यांना हप्ते जातात, त्यातले काही बहुधा तालिबानपर्यंत. म्हणजे ज्याच्याशी लढायचं त्यालाच रस्त्याचा हप्ता! सैन्य बसलंय तोवर हा मीटर चालूच. मग लढाई संपावी असं वाटणार कोणाला? टोळीवाल्याला नाही, कंत्राटदाराला नाही. आणि मला तरी कुठे वाटत होतं, पगार डॉलरमध्ये होता.

नोव्हेंबर २०११ मध्ये नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेले. पाकिस्ताननं जुलैपर्यंत रस्ता बंद ठेवला. माल मध्य आशियातून फिरवून आणायचा, तर महिन्याला १० कोटी डॉलर जादा. सैन्य तुमचं, पण नाडी दुसऱ्याच्या हातात.

घोडबंदर_रोड:
हिशेब मान्य. पण सहावीनंतर मुलींच्या शाळा बंद आहेत, त्यांना काय सांगणार? परवडत नव्हतं म्हणून निघालो?

कोपरखैरणेकर:
रास्त प्रश्न आहे आणि माझ्याकडे गोड उत्तर नाही. अफगाण सैनिक-पोलीस ६०,००० हून जास्त मेले, तेव्हा ते लढलेच नाहीत असं कोणी म्हणू नये. पण त्यांची हेलिकॉप्टरं चालायची परदेशी मेकॅनिकच्या जिवावर. २०२१ च्या उन्हाळ्यात ते गेले आणि एकेक मशिन जमिनीवर बसायला लागलं. वीस वर्षांत जे पायावर उभं राहिलं नाही, ते आणखी दोन वर्षांनी राहिलं असतं?

दुसरं, फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात अमेरिकेनं निघायचं कबूल केलं, त्यानंतर तालिबाननं अमेरिकी सैन्यावरचे हल्ले जवळजवळ थांबवले होते. करार मोडून बसले असते तर ते पुन्हा सुरू झाले असते. २,५०० मध्ये मग भागलं नसतं.

ऐरोलीची_लेक:
माझे बाबा महार रेजिमेंटचे. १९८७ ला श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेत, जाफन्याला. आपले सुमारे १,२०० जवान तिथे कामी आले. पुढे श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी भारतीय सैन्य घालवायला, ज्या तमिळ बंडखोरांशी लढाई होती त्या एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली, म्हणजे ज्यांच्या सरकारसाठी लढायचं तेच उलटले. मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली तेव्हाही "काम अर्धवट टाकून आले" म्हणणारे होतेच. बाबा विचारायचे, "काम नेमकं काय होतं?"

वागळे_इस्टेट_डबा_मंडळ:
त्या १८,००० मध्ये अमेरिकी किती?

कोपरखैरणेकर:
साधारण तिसरा हिस्सा. बाकी अफगाण आणि आमच्यासारखे बाहेरचे.