‘इनहेरिट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सीएसएसवर (वेबपानाचं रंगरूप ठरवणारी भाषा) मराठीत टिपण लिहितोय. चौकटीच्या अक्षरांना हिरवा रंग दिला की आतला परिच्छेद, त्यातला ठळक शब्द, सगळं हिरवं होतं. या ‘इनहेरिट’ला ‘वारसा’ चालेल का? आणि ‘नेस्टेड एलिमेंट’ला, म्हणजे एका घटकाच्या आत बसवलेल्या घटकाला, काय म्हणू?

— नेस्टेडसाठी ‘पोटघटक’. पोटकलम, पोटभाडेकरू आहेतच, वेगळं समजवावं लागत नाही. ‘वारसा’ मात्र खटकतो. वारसा एकदा मिळाला की आपला. इथे बाहेरचा रंग बदलला की आतलाही लगेच बदलतो. ‘झिरपणे’ म्हणा.

— ‘झिरपणे’ला माझी हरकत. अक्षरांचा रंग पोटघटकांत उतरतो, पार्श्वभूमीचा उतरत नाही. चौकटीची पार्श्वभूमी पिवळी केली तर आतही पिवळा दिसतो, पण तो मागचा, कारण आतल्याची पार्श्वभूमी मुळात पारदर्शक असते. शिवाय ज्याला स्वतःचा रंग नेमलाय तो बाहेरच्याला जुमानत नाही. लिंकच घ्या. चौकट हिरवी केली तरी लिंक निळीच, कारण ब्राउझरच्या मूळ नियमांत तिचा रंग आधीच ठरलेला असतो. चौकटीच्या नियमाला ‘इम्पॉर्टंट’ (हा नियम इतरांवर वरचढ, असा शेरा) लावलंत तरी ती ढिम्म! लिंकच्याच नियमात ‘कलर’पुढे ‘इनहेरिट’ लिहावं लागतं. स्वकष्टार्जित नसेल तरच वडिलोपार्जित, असा हा मामला, ‘वारसा’च बरा.

— मग तारांकन (* म्हणजे ‘सगळे घटक’) लावून चौकटीतल्या सगळ्यांनाच थेट हिरवा दिला तर? लिंकचाही प्रश्न मिटला.

— तो मिटेल, दुसरा उभा राहील. समजा आत ‘सूचना’ क्लासचा परिच्छेद आहे (क्लास म्हणजे नियम लावण्यासाठी घटकाला दिलेलं नाव; ते देवनागरीत चालतं, बिनधास्त लिहा), त्याला तारांकनाच्या खाली लिहिलेल्या नियमाने लाल केलंत. परिच्छेद लाल होईल, त्यातला ठळक शब्द हिरवाच राहील. तारांकनाने त्याला थेट रंग दिलाय, तो आता परिच्छेदाकडे कशाला बघतोय? त्यापेक्षा रंग बाहेर एकदाच द्या. लिंक आणि बटणांना ‘इनहेरिट’. बॉर्डरला तर रंग लिहूच नका, नुसती जाडी आणि ‘सॉलिड’ (सलग रेघ) पुरे. ती आपसूक अक्षरांचा रंग घेते, म्हणजेच ‘करंटकलर’.

— ‘करंटकलर’ म्हणजे ‘चालू रंग’?

— ‘चालू’ नको, लोक भलताच अर्थ घेतील. ‘अक्षररंग’ म्हणा. त्या घटकाच्या ‘कलर’ची जी किंमत तीच याची. खुद्द ‘कलर’लाच ‘करंटकलर’ दिलंत तर ब्राउझर ते ‘इनहेरिट’ म्हणूनच धरतो.