खाडीकाठचे कोळीवाडे: तुम्ही काय पाहिलंत?

ठाण्यात जन्म गेला, पण चेंदणी कोळीवाडा माझ्या लेखी स्टेशनच्या वाटेवरचं एक नाव, एवढंच होतं. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ते आपण शाळेत शिकतो. रूळ पडायच्या कितीतरी आधीपासून इथे होड्या लागत होत्या, हे मला पन्नाशीत उमगलं. गेल्या रविवारी मीठबंदरापर्यंत चालत गेले. एका ओट्यावर आजोबा जाळं दुरुस्त करत होते, पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून धरलेला. बराच वेळ बघत उभी राहिले. ठाणे-नवी मुंबईतल्या कोळीवाड्यांत कोण कोण जाऊन आलंय? बाजार, जेट्टी, सण, माणसं, जे मनात राहिलं ते लिहा.

बेलापूरहून

आम्ही दिवाळे गावच्या बाजारातले नेहमीचे. पहिल्यांदा गेले तेव्हा नेमकी अष्टमी होती, टोपल्या अर्ध्या रिकाम्या.

"मावशी, आज एवढीच मासळी?"

"भांग हाय ना बाय. पुनवेच्या उधाणाला ये."

मग कोळंबी सोलता सोलता त्यांनी सगळं समजावलं. डोल जाळं ओढत नेत नाहीत, खुंटाला बांधून ठेवतात. पाण्याच्या ओढीनं मासळी आपणहून त्यात शिरते. अमावास्या-पौर्णिमेला ओढ जोराची, अष्टमीच्या सुमाराला मंद, म्हणजे भांग. भरतीची वेळ काढायलाही त्यांनीच शिकवलं: तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घरी येऊन तक्त्याशी ताडून पाहिलं, फारसा फरक नव्हता! मी भूगोल शिकवते. त्या वर्षी भरती-ओहोटीचा धडा मी तिथीपासून सुरू केला.

त्या दिवशी निवट्यांचा, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या छोट्या मासळीचा, एक वाटा घेतला. पाटीत जिवंत वळवळत होत्या, डोळे पार डोक्यावर. एकीनं उडी मारली ती थेट माझ्या चपलेवर. मीठ चोळून बुळबुळ काढायची, हेही मावशींनीच सांगितलं.

ऐरोलीहून

हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला बोटीनं खाडीत गेलो होतो. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, ते वाचून. लक्षात राहिला तो मात्र बोट चालवणारा. गाळ कुठे वर आलाय हे त्याला पाण्याच्या रंगावरून कळत होतं.

सारसोळ्याहून

मी गावचाच. तुम्ही लिहिलेलं वाचून बरं वाटलं. 1970 नंतर आमच्या वाडवडिलांच्या शेतांवर आणि मिठागरांवर शहर उभं राहिलं, आमच्याकडे खाडी तेवढी उरली. आता जाळ्यात मासळीआधी प्लॅस्टिक येतं. बाबा खाडीतून परतले की आधी पिशव्या वेचत बसतात. जाळ्यात गुंतलेली पिशवी हिसकली तर आस, म्हणजे जाळ्याच्या विणीतला डोळा, फाटतो, म्हणून एकेक सोडवावी लागते. पुलावरून निर्माल्य टाकणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ते पिशवीसकट आमच्याच जाळ्यात येतं.

पाहुण्यांनी जरूर यावं. फोटो काढायच्या आधी मात्र विचारा, ओटा म्हणजे आमचं घरच आहे. नारळी पौर्णिमेला आलात तर उत्तम. होड्या सजवलेल्या असतात, बायका नऊवारीत, आणि नारळ पाण्यात सोडताना आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटते. काय म्हणतेस, असं विचारलं तर सांगत नाही.