लिव्हिंगस्टनने बेन्सवर अन्याय केला, मान्य. पण म्हणून बेन्सला डोक्यावर घ्यायचं का?

रंगारी_अण्णा:
थॉमस बेन्स हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही. 1820 चा जन्म, इंग्लंडात किंग्ज लिनचा. आर्ट स्कूल वगैरे काही नाही, घोडागाड्यांवर नक्षी रंगवणाऱ्याकडे उमेदवारी केली आणि 1842 ला उठून केपटाउनला गेला, तिथे पाट्या रंगव, जहाजं रंगव असं करत चित्रकार झाला. 1858 ला आफ्रिका पालथी घालणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या झांबेझी नदीवरच्या मोहिमेत चित्रकार कम स्टोअरकीपर. तिथे तापाने फणफणलेला असताना लिव्हिंगस्टनच्या भावाने, चार्ल्सने, आळ घेतला की याने मोहिमेचं सामान तिथल्या पोर्तुगीजांना वाटून टाकलं. पुढच्या वर्षी हकालपट्टी, धड चौकशीसुद्धा नाही! माझ्या मते त्या काळातला आफ्रिकेचा सगळ्यात प्रामाणिक चित्रकार हाच.

तिरकस_बाण:
अण्णा, अन्याय झाला ते ठीक, पण "प्रामाणिक" कुठून आणलंत? झांबेझीच्या आधी हा माणूस काय करत होता ते सोयीस्करपणे गाळलंत तुम्ही. दक्षिण आफ्रिकेतलं आठवं सीमायुद्ध, 1850 ते 53, तिथल्या मूळच्या खोसा लोकांच्या जमिनी चालल्या होत्या आणि हा ब्रिटिश फौजेबरोबर वॉर आर्टिस्ट म्हणून फिरत होता. फौजेसोबत राहून, फौजेच्या बाजूने उभं राहून काढलेलं चित्र प्रामाणिक कसं असेल हो?

पानगळ:
इथे एक सांगू का, मी बागकामवाली, मला चित्रातलं कळत नाही पण झाडांचं कळतं. बोट्सवानात न्क्साई पॅन या सपाट खारट मैदानाच्या भागात त्याने 1862 मध्ये चित्रात काढलेले बाओबाब (जाड बुंध्याची आफ्रिकन झाडं) अजून उभे आहेत. आत्ताचा फोटो आणि त्याचं चित्र शेजारी ठेवून बघा, एक आडवं पडलेलं खोड आहे ते तसंच पडून आहे आणि तसंच वाढतंय. जे दिसलं ते काढलं याला अजून काय पुरावा पाहिजे 🙂

तिरकस_बाण:
ताई, झाड कोणाची जमीन लुटत नाही, त्यामुळे झाड खरं काढायला काही लागत नाही. ऑस्ट्रेलियातलं चित्र बघा, ग्रेगरी या संशोधकाच्या उत्तर ऑस्ट्रेलिया मोहिमेतलं (1855-56). मगर मारतायत, आणि मारणारा कोण तर स्वतः बेन्स! चित्राच्या नावातच स्वतःचं नाव. याला सेल्फी म्हणतात, नोंद नाही.

रंगारी_अण्णा:
बाण, स्वतःला चित्रात घालणं हा गुन्हा असेल तर अर्धं कलाक्षेत्र आत जाईल. आणि 1862 चा व्हिक्टोरिया धबधबा विसरलात. बरोबर जेम्स चॅपमन हा प्रवासी होता, त्याच्याकडे कॅमेरा होता, पण धबधब्याचे फोटो काही जमले नाहीत, म्हणजे तो प्रचंड देखावा बाहेरच्या जगाला दिसला तो या शिकल्याविना शिकलेल्या माणसाच्या कुंचल्यातून. 1865 ला लंडनला त्या चित्रांचा अल्बम निघाला. कड्याच्या टोकाशी उधळलेल्या रेड्यांचा कळप आहे त्यात, तुषार, इंद्रधनुष्य, सगळं. बघून बोला.

घाटावरचा:
अवांतर: हाच लिव्हिंगस्टन 1864 ला लेडी न्यासा नावाची छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून थेट मुंबईला आला होता. बेन्सला कामावरून काढणारा माणूस दर्या एवढा बिनधास्त ओलांडत होता तर माणसं सांभाळणं का जमलं नाही कळत नाही.

तिरकस_बाण:
अल्बम बघितलाय अण्णा, सुंदरच आहे, त्यावर वाद नाही. वाद पुढचा आहे. 1871 ला हाच कलाकार आजच्या झिम्बाब्वेतल्या लोबेंगुला राजाकडून सोनं शोधायचा परवाना घेऊन आला, एका कंपनीसाठी. म्हणजे आधी मुलुख रंगवायचा, मग त्याच मुलखातलं सोनं काढायला लोकांना न्यायचं. हा योगायोग आहे का?

रंगारी_अण्णा:
योगायोग नाही, पोटाचा प्रश्न. कर्जात होता बिचारा, 1875 ला दरबानमध्ये हगवणीने गेला तेव्हाही सोन्याच्या मोहिमेचीच तयारी चालली होती. लुटारू असे कफल्लक मरत नाहीत.

तिरकस_बाण:
मरतात की. नफा वर जातो, वाट दाखवणारा खालीच राहतो. मला तो खलनायक वाटत नाही, पण "सगळ्यात प्रामाणिक" हे मागे घ्या, मग मी गप्प.

रंगारी_अण्णा:
नाही घेत 😄