पुराबद्दल गल्लीत सर्व्हे करायचाय, काय काय विचारू?

प्रश्न: कोल्हापूर, शाहूपुरी. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला घरात पाणी. आता मंडळाची पोरं घरोघर जाऊन विचारणार आहोत की पुराची सूचना, बोट, निवारा, नंतरची सफाई कशी मिळाली. पण "समाधानी आहात का" विचारलं की सगळे नुसतं हो हो म्हणतात, काय करावं?

उत्तर: दादा, समाधान विचारूच नका. कधी कळलं, कुणाकडून कळलं, तेव्हा पाणी कुठवर होतं ते विचारा. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटावर गेलं की इशारा, ४३ ला धोका हे सगळ्यांना पाठ आहे, पण बंधाऱ्याला किती फूट झालं की आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं हे त्या घरातल्या आजीलाच माहीत असतं, ते लिहून घ्या. भिंतीवरची खूण टेपनं मोजा.

उत्तर: मी सांगलीची. २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला ५७ फुटाच्या वर गेलं होतं. आमच्याकडं लोक सूचना मिळूनही निघत नव्हते कारण म्हशी कुठं न्यायच्या, म्हणून जनावरं किती आणि अंथरुणाला खिळलेलं कोण आहे हे आधी विचारा. भाडेकरूंना विसरू नका, त्यांना कुणीच विचारत नाही.

उत्तर: चिपळूणहून. २२ जुलै २०२१ ला लाइट नाही, फोन बंद, मेसेज कसला येतोय. मोबाईल बंद पडला तर कसं कळणार, हा प्रश्न घालाच.

प्रश्नकर्ता: खूप आभार सगळ्यांचे, फॉर्म नव्यानं लिहितो, रविवारी पहिली गल्ली.